करणसिंगच्या कमरेचा दोर

मित्रांनो, मी झाडावर चढणाऱ्या माणसाच्या कमरेचा दोर आहे. नायलॉनचा, आता बराच जुना. माझ्यावर माणसाचा जीव टांगलेला असायचा, त्यामुळे माझा स्वभाव संशयी झाला. कोणी गोड बोललं की मी आधी सावध होतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. नंदुरबारच्या बाजारात एका दुकानात मी मोठ्या रिळावर बसून होतो. "हत्ती लटकवा, तुटणार नाही," असं दुकानदार येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा. त्याने माझ्यावर कधी ओली चादरसुद्धा वाळत घातली नव्हती!

एक दिवस करणसिंग आणि त्याची बायको भिकुबाई दुकानात आली. ही दोघं धडगावकडच्या डोंगरातली. शहाद्याजवळ राहून झाडं छाटायचं काम करायची. भिकुबाईने डोळे मिटले आणि मला वीत-वीत करून बोटांमधून ओढलं. मग करणसिंगने मला दुकानाच्या लोखंडी खांबाला बांधलं आणि तो स्वतः लटकला. दुकानदार चिडला. मला मात्र ती दोघं फार आवडली.

आम्ही नऊ वर्षं एकत्र काम केलं. छपरावर झुकलेले निंब, विहिरीत पानं गाळणारे उंबर, तारांना टेकलेले गुलमोहर. माझं एक टोक करणसिंगच्या कमरेला असायचं. वरच्या जाड फांदीवरून मी खाली यायचो आणि बुंध्याला वेढा घेऊन भिकुबाईच्या हातात जायचो. पूर्वी आसपासच्या गावांत असं काम करणारी दोन-चारच माणसं होती. लोक घरी बोलवायला यायचे, चहा द्यायचे, हजार-बाराशे रुपये मजुरी आनंदाने द्यायचे.

मग पेट्रोलवर चालणारं कटर स्वस्त झालं, हप्त्यावर मिळू लागलं. गावोगावी झाडं कापणारे झाले. ज्याच्याकडे कटर, तो कारागीर. पण झाडं तेवढीच राहिली आणि कामही पावसाळ्याआधीचे दोन महिने. दिवाळीनंतर यांतले निम्मे लोक ऊसतोडीलाच जायचे.

गेल्या वैशाखात सारंगखेड्याच्या हिलाल आप्पांकडे पत्र्याच्या छपरावर आलेली चिंचेची फांदी उतरवायची होती. आप्पा अंगणात खाट टाकून बसले होते.

"प्रकाशाना दोधू पाचशेमा करी देस. तुले हजार कसाले?" त्यांनी अहिराणीत विचारलं. दोधू हा प्रकाशा गावचा नवा कटरवाला.

"पाचशे फांदी कापाना, आप्पा," करणसिंग म्हणाला. "बाकीना पाचशे तुमना पत्रा वाचाडाना."

आप्पा हसले, पण सातशेवर अडून बसले. घरात पीठ संपत आलं होतं. करणसिंगने सातशेला होकार दिला आणि त्याच दिवशी दुसरं काम गाठता यावं म्हणून घाई केली. त्या घाईत मी छपराच्या पत्र्याच्या धारेवर घासलो. माझ्या एका टोकाजवळ निम्मे धागे तुटले. भिकुबाईला ते संध्याकाळी समजलं. तिने त्या जागेच्या अलीकडे लाल चिंधी बांधली. चिंधीपुढचं टोक आता वापरायचं नाही, अशी ती खूण होती.

त्याच आठवड्यात प्रकाशा गावात भाग्येश सर नावाचे एक गृहस्थ जीप घेऊन आले. निंबाखाली पंचवीस-तीस झाडकापे जमले. सरांनी सोनेरी कडेची प्रमाणपत्रं दाखवली.

"तुम्ही मजूर नाही, तुम्ही झाडांचे डॉक्टर आहात!" ते म्हणाले. "पंधरा दिवसांचा कोर्स, फी फक्त पंधरा हजार. मोठ्या शहरात महिना पंचेचाळीस हजारांची नोकरी पक्की. मी स्वतः बारा वर्षं झाडांवर काढली आहेत. जागा दहाच उरल्यात, पैसे आजच भरा."

दोधूने खिशातून नोटांचं पुडकं काढलं. करणसिंगच्या कमरेलाही फीचे पैसे होते. त्यासाठी त्याने सकाळीच दोन्ही शेळ्या विकल्या होत्या. भिकुबाई नको म्हणत होती.

"किती वर्षं अशी मजुरी करायची?" करणसिंगने तिला हळूच विचारलं. घरात ते पावरी बोलतात, मी तुम्हाला मराठीत सांगतो आहे. "दर वर्षी दर खाली जातोय. एकदा कागद हातात आला तर सुटू."

 भिकुबाईने मांडीवर ठेवलेल्या माझ्या वेटोळ्यात हात घातला आणि लाल चिंधी गुपचूप सोडून टाकली. मित्रांनो, त्या क्षणी मला तिचाच संशय आला. नऊ वर्षं जिच्या हातात राहिलो, ती बाई आता काय करणार होती?

ती उठली. "साहेब, बारा वर्षं चढनात ना? मंग चढी दाखाडा. आमले शिकाले भेटी."

"हिले आमनं चांगलं देखावत नही!" दोधू ओरडला. "कोर्स कऱ्यावर आमी इना नवराना पुढे जासूत, मन्हीसन जळस ही."

पण सगळ्यांनाच गंमत वाटली. सरांना मागे हटता येईना. भिकुबाईने नेमकं माझं तुटकं टोक त्यांच्या हातात दिलं. ते गर्दीकडे बघून हसले, टोक कमरेभोवती गुंडाळून गाठ मारली आणि ड्रायव्हरला फोटो काढायला सांगितलं. मग त्यांनी बुंध्यावर पाय ठेवला.

"थांबा!" भिकुबाईने त्यांचा सदरा धरला. त्यांचा दुसरा पाय तिने जमिनीवरून उचलू दिला नाही. "आते दोर देखा."

गाठीपासून वीतभर अंतरावर माझे तुटके धागे पिसासारखे फुलले होते.  तिथला प्रत्येक माणूस कधी ना कधी दोरावर लटकला होता. जो खरंच लटकतो त्याचे हात दोराकडे न बघता गाठ मारत नाहीत, हे कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. दोधू पुढे आला. त्याने ते धागे बोटांनी चाचपले आणि नोटा परत खिशात ठेवल्या. "आमच्याकडे आधुनिक यंत्रं असतात," असं काहीतरी पुटपुटत सर जीपमध्ये बसले. जीप दुसऱ्या गावाला गेली की कुठे, मला माहीत नाही.

त्या दुपारी झाडकाप्यांनी ठरवलं, हजाराखाली कोणी चढायचं नाही. महिनाभरात तिघांनी ते मोडलं. दर काही वाढला नाही. पण करणसिंगने शेळ्या परत आणल्या.

पुढे भिकुबाईने नवा दोर घेतला. दोधू मला विकत मागायला आला. "जुना शे, स्वस्तमा दे," तो म्हणाला. ती नको म्हणाली, तेव्हा त्याला वाटलं ही बाई अजून राग धरून आहे. तिने विळा घेतला आणि त्याच्यासमोर माझे चार तुकडे केले. "आते लई जाय. फुकट शे. ढोर बांध."

मला वाईट वाटलं, खोटं का बोलू? पण दोधूकडे तेव्हा साधा सुताचा दोर होता. तुकडे झाले नसते तर त्याने मला नक्की वर नेलं असतं, आणि मी त्याला सांभाळलं नसतं. मित्रांनो, जुन्या वस्तू सहसा म्हणतात, आम्हाला टाकू नका. माझी विनंती उलटी आहे. ज्या वस्तूवर माणसाचा जीव टांगतो, तिच्यावर माया करा, पण तिची वेळ झाली की तिला वर नेऊ नका. आता मी दोधूच्या गोठ्यात वासरू सांभाळतो. ते दिवसभर मला ओढतं. मी तुटलोच कधी, तर ते फार तर शेजारच्या कपाशीत जाईल.