खांद्याची कातडी

आक्काताई कागलजवळच्या एका गुऱ्हाळावर चिपाडं वाळवायला जायची. १९९६ साली एका दुपारी तिची सतरा वर्षांची लेक संघप्रिया भाकरी घेऊन तिथं गेली. चुलवणावरची काहील उतरवताना दांडा निसटला आणि उकळता रस पोरीच्या डाव्या गालावर, गळ्यावर उडाला.

जीव वाचला. जखमाही भरल्या. पण भरता भरता गळ्याची कातडी आवळत गेली आणि वर्षभरात हनुवटी छातीला टेकली. पाणी प्यायचं तर चमच्यानं. समोर कोण उभं आहे, ते पायांवरून ओळखायचं. तशातच तिनं बारावीची परीक्षा दिली. पेपर खाली बघूनच लिहायचा असतो की, असं ती स्वतःच हसून म्हणायची.

पुढं कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात प्लास्टिक सर्जन डॉ. रुद्रेश पट्टणशेट्टी यांनी तिला तपासलं. ते खुर्ची ओढून खाली वाकून बसले, तिला तोंड दिसावं म्हणून.

"व्रण कापून मान मोकळी करायची, हे नक्की. उघड्या पडलेल्या जागेवर काय लावायचं, ते तू ठरव. मांडीची पातळ कातडी लावली तर ऑपरेशन सोपं, पण ती परत आकसते. कित्येक महिने रात्रंदिवस गळ्याला पट्टा लागेल. नाहीतर खांद्याची जाड कातडी, तिचा रक्तपुरवठा न तोडता, गळ्यावर फिरवून आणायची. ऑपरेशन मोठं. खांद्यावर वण राहील, गळाही जाड दिसेल. पण ती फारशी आकसत नाही."

"सोपं हाय त्येच करा, डाक्टर," आक्काताई घाबरून म्हणाली.

"आये, थांब. गळा जाड दिसला तर दिसूंदे. मला परत खाली बघायचं न्हाय. खांद्याचं करा."

"आणखी एक," डॉक्टर म्हणाले. "मान मागं जात नाही, म्हणून भुलीची नळी घशात घालता येणार नाही. पहिला काप तू जागी असताना, जागा बधिर करून घ्यावा लागेल. हलायचं नाही."

"न्हाय हलत."

आणि ती हलली नाही. सिस्टर शालूबाई बाहेर येऊन आक्काताईला म्हणाल्या, "काय काळजाची पोरगी हाय वो तुमची! मान सुटली तशी वर बघितलं आन् म्हणाली, दिवा लई मोठा हाय की."

सहा महिन्यांनी डॉक्टरांनी गालाचा विषय काढला. दोन-तीन ऑपरेशनांत वण बराच कमी होईल, म्हणाले. संघप्रियानं आरशात बघितलं, विचार केला.

"गालानं माझं काय अडत न्हाय, डॉक्टर. मानंनं अडत हुतं."

२००३ साली ती एसटीत कंडक्टर झाली. मुलाखतीत साहेबांनी जरा चाचरत विचारलं, "लोक चेहऱ्याकडं बघतील. चालेल?"

"बघूंद्यात की साहेब. बघितलं तरी तिकीट काढायलाच लागतंय."

पहिल्याच आठवड्यात आक्काताई मुद्दाम तिच्या गाडीत चढली आणि पुढच्या बाकावर बसली. उचगावजवळ गर्दी वाढली. संघप्रियानं दारातून मान बाहेर काढली, मागं-पुढं बघितलं, "चला, आत सरका!" म्हणून खणखणीत ओरडली आणि घंटीची दोरी ओढली. आक्काताई एकटक बघत होती.

शेजारच्या बाईनं विचारलं, "वळखीची हाय व्हय?"

"पोटची हाय," आक्काताई म्हणाली, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात.