आईच्या बाकाचं टोक

नेस्ताने रुमालाने बाकावरची धूळ पुसली आणि ती आईच्या जागी बसली. व्यासपीठाच्या अगदी खाली, खिडकीकडच्या टोकाला. वेल्समधल्या कुम ग्वेन गावच्या चॅपलमध्ये प्रत्येक घराचा बाक ठरलेला होता, आणि माणूस गेलं तरी त्याची जागा सहसा कुणी घेत नसे. मागे कुजबुज झाली.

"बसू दे की तिला," इडवालकाका म्हणाले. "पुढच्या वर्षी तिथं मासे बसणार आहेत. त्यांना कोण उठवणार आहे?"

हसले ते एकटेच.

खोऱ्याच्या तोंडाशी धरणाची भिंत उभी राहिली होती. इंग्लंडातल्या एका शहराला पाणी हवं होतं, म्हणून हे सगळं खोरं बुडणार होतं. तिथे कारखाने वाढले होते, घराघरांत कपडे धुण्याची यंत्रं आली होती. वेल्सच्या खासदारांनी विरोधात मतं दिली, तरी लंडनमध्ये कायदा झालाच. त्याआधी सगळं गाव त्या शहरात मोर्चा घेऊन गेलं होतं. नेस्ता लग्न होऊन त्याच शहरात राहत होती. फुटपाथवरच्या गर्दीतून कुणीतरी तिच्या बाबांच्या कोटावर थुंकलं, ते तिने पाहिलं होतं. ती पुढे झाली नव्हती.

आता फक्त आईच्या कबरीचा प्रश्न उरला होता. चॅपलमागच्या ज्या कबरी हलवायच्या त्या हलवून झाल्या होत्या आणि उरलेल्या पाण्याखाली उघड्या पडू नयेत म्हणून त्यांच्यावर उद्या काँक्रीट पडणार होतं. आईला शहराजवळच्या दफनभूमीत न्यावं, निदान फुलं तरी ठेवता येतील, असं नेस्ता महिनाभर सांगत होती. बाबा नुसते ऐकून घेत होते. धरणाच्या कामावरचा मुकादम हॅलम उत्तरासाठी बाहेर फाटकाशी थांबला होता.

नेस्ताचे बाबा, पाळक तेग्विन प्रॉसर, कठड्याला धरून व्यासपीठावर चढले. याच माणसाला ऐकायला एके काळी लोक डोंगर उतरून येत. त्यांचं बोलणं गाण्यात कधी शिरलं ते कळतच नसे. एकेक वाक्य सुरावर चढत जाई आणि ऐकणाऱ्यांचे डोळे आपोआप मिटत. त्या चढणीआधी ते क्षणभर थांबत. मग खालच्या बाकावरून मर्वेन, त्यांची बायको, ओठ मिटून बारीक गुणगुणे, आणि तोच सूर पकडून ते पुढे जात. "पाळकसाहेबांची पेटी आली का?" असं लोक गमतीने विचारत. मर्वेन गेल्यापासून ते नुसतं बोलत.

आज त्यांनी नोहाच्या कबुतराची गोष्ट घेतली. चहूकडे पाणी, आणि पाय टेकायला जागा नाही म्हणून परत आलेलं पाखरू. बोलणं कोरडंच चाललं होतं. मध्येच ते थांबले. चष्मा काढला. खाली, बाकाच्या टोकाकडे त्यांची नजर गेली आणि तिथेच राहिली. कुणीतरी खोकलं. शांतता लांबत गेली, इतकी की नेस्ताला ती सोसवेना.

तिने ओठ मिटले आणि आईसारखी गुणगुणली.

बाबांनी मान वर केली. त्यांचा आवाज आधी कापला, मग उभा राहिला. कबुतर पाण्यावरून निघालं आणि त्याच्याबरोबर अख्खं चॅपल निघालं. मागून "आमेन" येऊ लागलं, आधी पुटपुटल्यासारखं, मग गळा भरून. इडवालकाकांनी टोपीत तोंड लपवलं. नेस्ताचा सूर तर एका श्वासातच तुटला होता. पुढचा सगळा वेळ ती रुमाल तोंडाशी दाबून रडत होती.

लोक गेल्यावर बाबा कबरीपाशी उभे होते. चेहरा उजळला होता.

"तुझी आई कुठं जायची नाही, नेस्ता. आज तिनंच सांगितलं."

नेस्ताने त्यांची बाही धरली. बराच वेळ ती कोटाच्या त्या कापडाकडेच बघत राहिली.

"बाबा, तो सूर मी लावला होता."

"माहितेय," बाबा म्हणाले. "तिच्यापेक्षा जरा खालीच लागला तुझा. लहानपणापासून तसाच लागतो. बापाला कळणार नाही होय?"

"मग?"

"तो पहिला गं. मी त्याच्यानंतरचं म्हणतोय. तू तोंडाशी रुमाल धरलास, तिथून पुढचं. शेवटपर्यंत साथ होती."

वारा अगदी पडला होता. नेस्ताने विचारलं, "मग मी भेटायला कुठं जाऊ?"

"तू कशाला कुठं जातेस? तुझ्याच नळाला येणार आहे की हे पाणी."

ती फाटकाकडे गेली. हॅलमने टोपी काढली.

"काय ठरलं, बाई?"

चॅपलचं दार उघडंच राहिलं होतं. इथून आतला तो बाक दिसत होता.

"राहू द्या तिला," नेस्ता म्हणाली.

मग ती परत गेली आणि आत कुणी झोपलेलं असावं तशी, आवाज न करता, तिने दार ओढून घेतलं.