पुढचा टायर

दाता अंगठ्याखाली दबला, पुन्हा वर आला... नव्या टायरचा रबरी दाता, बोटाच्या पेराएवढा, कडेला अजून कारखान्यातल्या बारीक रबरी मिशा — संघदीप तो दाबत होता, सोडत होता, आणि दर वेळी त्याच्या अंगठ्याखाली अतुलचा डोळा होता.

दातेरी टायर मांडीवर, दुसरा पायाशी, झिजून पार गुळगुळीत झालेला. अंगणात सायकल उलटी ठेवलेली, दोन्ही चाकं वर, टायरांवाचून नागडी. आणि अतुल, त्याचा भाटवा, रश्मीताईचा नवरा, बाजेवर पाय पसरून मुरमुरे चघळत होता. उद्या बोदलकस्याची शर्यत. आधी डांबर, मग जंगलातला मुरूम, मग उतार, उताराखालची दगडी फरशी, धानाच्या बांध्यांमधली, भातखाचरांमधली काळी वाट आणि शेवटी तलावाची पाळ. असल्या खिचडी रस्त्याला कोणता टायर पुढे नि कोणता मागे, हे संघदीपइतकं तालुक्यात कोणाला कळत नव्हतं. मागच्या दोन्ही शर्यती त्यानेच मारल्या होत्या. म्हणून तर भाटवा गोंदियाहून सायकल घेऊन सासुरवाडीला आला होता. शर्यत जिंकायची आणि जाताना बायकोलाही न्यायचं. एका दगडात दोन पक्षी.

"का गा सालेबाबू, सोचून काय राहिला एवढा?" अतुल म्हणाला. "टायर हाये, नवरी नाही पाहून राहिला."

संघदीप हसला. हसला! स्वतःच्याच तोंडावर थुंकावंसं वाटलं त्याला. पण जावई म्हणजे जावई. तो आला की घरातली चांगली चादर बाजेवर येते, कोंबडा कापला जातो, त्याच्या विनोदाला सगळे हसतात. आज सकाळी कोंबडा संघदीपनेच कापला होता. मान मुरगळताना हाताला जे बरं वाटलं होतं, ते आठवून त्याच्या अंगावर काटा आला... आणि तरी ते बरंच वाटलं होतं.

उजव्या हाताला पट्टी होती. म्हणूनच तो यंदा शर्यतीत नव्हता. "सायकलीवरून पडलो," असं त्याने गावाला सांगितलं होतं. ताई आली ती ओठ फाटलेला घेऊन, कानामागे रक्त सुकलेलं. "बोरिंगवर पडली," म्हणाली. आईने, कुसुमबाईने, तिच्याकडे न बघताच चुलीवर तवा ठेवला, म्हणाली, "घसरते पाय कधी कधी. संसार म्हटला का होते बाई." त्याच्या आधी ताई न्हाणीत पडली होती, त्याच्याही आधी जिन्यावरून — आणि भाटव्याच्या घराला जिनाच नाही! या वेळी आईचं ते ऐकून संघदीप मागच्या वाडीत गेला होता आणि मोहाच्या खोडावर त्याने बुक्की हाणली होती. मग दुसरी. झाडाची साल निघाली, मग बोटांची निघाली, तरी तो हाणतच राहिला. या घरात सगळे पडत होते. मारत कोणीच नव्हतं.

पुढे कोणता?

मागचा टायर कोणताही चालला असता. मागचं चाक घसरलं तर ढुंगण हलतं, एवढंच. सारा जीव पुढच्या चाकावर. हे त्याला शिकवलं होतं ते ताईनेच. दोघं एका सायकलीवर शाळेत जायची, ती पुढे, तो कॅरिअरवर, तिची कंबर गच्च धरून, उतार आला की तो डोळे मिटायचा आणि ती वाऱ्यात ओरडायची, "मागचं घसरलं तं सावरता येते संघ्या, पुढचं घसरलं का थोबाड फुटते!" आणि हसायची. काय हसायची पोरगी! आता हसताना ओठ ताणत नाही, जखम उलते म्हणून.

त्याच उताराच्या पायथ्याशी ती दगडी फरशी. काल-परवा अतुलने सायकल फिरवून बघितली तेव्हा ती ठणठणीत कोरडी होती. पण आज पहाटे उन्हाळी धानासाठी तलावाचं पाणी नहराला, कालव्याला सुटलं होतं. गोंदियाच्या माणसाला काय ठाऊक... पाण्याची पाळी आली की वरच्या बांधीवाला शेतकरी धुऱ्याला, शेताच्या बांधाला खाच पाडतो आणि पाणी फरशीवरून खालच्या बांध्यांत उतरवतो. फरशीवर पावसाळ्यातलं शेवाळ वाळून बसलेलं असतं. पाणी लागलं की घटकाभरात ते तुपासारखं होतं. पुढे दातेरी टायर असला तर कसाबसा निभाव. गुळगुळीत असला तर... उतारावरून भरधाव आलेलं चाक, ब्रेक, आणि मग दगडावर तोंड. दात. नाकाचं हाड. मान, कदाचित मानसुद्धा. संघदीपला तो आवाज ऐकू आला, कोंबड्याच्या मानेचा, फक्त मोठा.

ताई सकाळी नहरावर धुणं धुवायला गेली होती. आली ती बादली आपटतच. "आई, पाणी सुटलं वो. फरशीवरून वाहून राहिलं. पाय नाही ठरत." तेव्हा अतुल उठायचा होता.

छे. असं कोणी करतं का? दातेरी पुढे घाल, मोकळा हो. उद्या तो जिंकेल, गळ्यात हार घालून घेईल, ताईला कॅरिअरवर... नाही, बसने नेईल. आणि मग पुन्हा ती कुठेतरी पडेल. त्याने दातेरी टायर उचलला, पुढच्या चाकाजवळ नेला.

तेवढ्यात ताई पाण्याचा गिलास घेऊन आली. अतुलने गिलास घेतला, दुसरा हात वर केला — नुसता कपाळावरचे केस मागे सारायला — आणि ताईची मान खांद्यांत गेली. डोळे मिटले गेले. पाणी सांडलं नाही, आवाज झाला नाही, काहीच झालं नाही. अतुल पाणी प्यायला. आत आई कांदा चिरत होती.

संघदीपने दातेरी टायर मागच्या चाकावर चढवला. पुढे गुळगुळीत. पट्टीतली बोटं ठणकत होती, तरी टायरची कड रिंगमध्ये त्याने एका दमात बसवली.

"पुढं हा? टकला?" अतुल उठून आला. "पक्का?"

"सारा रस्ता कोरडा हाये, भाटवे." आवाज किती गोड निघाला! "पुढचं चाक हलकं असलं का सायकल पळते. मागच्याले दाते पाहिजे, मुरमात पकड धरते."

अतुलने चाक फिरवलं. मग काय वाटलं कोण जाणे, मान वळवून म्हणाला, "काय वो रश्मी? लहानपणी लई सायकल हाकत होती म्हणते तू. पाह्य जरा, तुया भावानं बरोबर टाकला का नाही?"

ताई आली. वाकली. गुळगुळीत टायरवर तिने अंगठा दाबला, मग चाक थोडं फिरवून पुन्हा दाबला.

आणि संघदीपला एकदम कळलं की दुपारपासून आपण हिचीच वाट बघत होतो. ही बघेल. ही म्हणेल, काय करून राहिला रे येड्या, तिकडं पाणी सुटलं ना. मग आपण कपाळावर हात मारू, विसरलोच म्हणू, टायर बदलू, आणि मनातला हा मुडदा मनातच राहील. इतका वेळ त्याने भाटव्याला दहादा मारलं होतं ते या भरवशावर.

तिने वर बघितलं. सरळ त्याच्या डोळ्यांत. तिला सगळं ठाऊक होतं आणि ते त्याला दिसावं म्हणूनच ती बघत होती.

"बरोबर हाये," ती म्हणाली. आणि जाता जाता, तवा उतरव म्हणावं तशी, "हवा कमी वाटते, संघ्या. भर अजून. कडक पाहिजे."

कडक टायर ओल्या दगडावर आणखी घसरतो. तेही तिनेच शिकवलं होतं.

त्याने पंप लावला. अतुल बाजेवर जाऊन पडला, मोबाईलवर कोणाशी तरी हिंदीत उद्याच्या बाता मारू लागला. पंपाचा दांडा वर, खाली. पट्टीतून रक्त पाझरायला लागलं होतं. संघदीपने आपला राग शोधला, इतके दिवस जपलेला, मोहावर घासून धार लावलेला. तो नव्हताच. उरली होती ती नुसती भीती, आणि ती भाटव्याची नव्हती, पोलिसांचीही नव्हती. थांब म्हण ना, ताई. अजून रात्र आहे, टायर बदलायला कितीसा वेळ लागतो मला... तू एकदा थांब म्हण.

ताई चौकटीत उभी होती, हात पदराला पुसत. तिची मान सरळ होती. आली त्या दिवसापासून ती त्याने अशी सरळ पाहिली नव्हती, आणि तिच्याकडे बघत तो हवा भरत राहिला.