साहेबाची दुसरी जोडी

जरा हळू बोला. धानाच्या कोठीमागं घूस आहे आणि तिचे दात मला ठाऊक आहेत.

मी एक बुटांची जोडी बोलतेय. डावा आणि उजवा मिळून आम्ही दोन, पण भीती दोघांची एकच, म्हणून मी स्वतःला एकच समजते. बर्फावर घसरत जायच्या खेळासाठी मला शिवलं. आणि शिवलं कुठं, तर गोंदियात! इथं वैशाखात रुळावर अनवाणी पाय पडला तर कातडी सोलून निघते. मला शिवणाऱ्यानं बर्फ पाहिला नव्हता, त्याच्या बापानंही नाही. अशी माझी सुरुवात. मी भित्री निघाले यात माझा काय दोष, तुम्हीच सांगा.

स्टेशनाच्या मागच्या गल्लीत केवळराम जोडे शिवायचे. छत्तीस सालच्या पावसाळ्यात त्यांच्यापुढं एक माणूस विलायती बुटांची जोडी ठेवून बसला. तो उदाराम, छोट्या लाइनच्या, म्हणजे अरुंद रुळांच्या रेल्वेच्या, इंजिनिअर साहेबाच्या बंगल्यावरचा नोकर. हा साहेब दर हिवाळ्यात रजा काढून काश्मीरच्या डोंगरात जायचा आणि पायाला लांब फळ्या बांधून बर्फावरून खाली घसरायचा. त्याला हुबेहूब तसलीच दुसरी जोडी पाहिजे होती. चौकोनी नाक, जाडजूड तळ, आणि फळीचा पट्टा अडकवायला टाचेला मागून खाच.

केवळरामांनी ती खाच अंगठ्यानं चाचपली. एक जोडी धड आहे, मग दुसरी कायले, असं त्यांनी विचारलं. साहेब लोकायचं काम हाय, एवढंच उदाराम म्हणाला.

मग रापी चालली, आरी टोचली. मी म्हशीच्या कातड्याची. पुरी झाले तेव्हा मला त्या विलायती जोडीशेजारी ठेवलं. ती म्हातारी, अनुभवी. तिनं पहिल्याच दिवशी मला सांगितलं की तिथं थंडीनं हात लोखंडाला चिकटतो आणि माणूस ओरडला तर वरून डोंगर अंगावर येतो. माझ्या तर तोंडचं पाणी पळालं.

नवा बूट कडक असतो. साहेबाच्या पायाला फोड येऊ नयेत म्हणून उदारामनं मला आधी स्वतः घालून सैल करायचं, असा हुकूम होता. दोघांचा पाय एकाच मापाचा. उदाराम जन्मभर चिखलातून, काट्यातून अनवाणी चाललेला माणूस. पहिल्या दिवशी तो मला घालून बंगल्याच्या आवारात फिरला तर माळी हसून हसून खालीच बसला. फोड आले ते उदारामला. त्यानं त्यावर हळद दाबली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मला घातलं. त्याच्या करंगळीच्या बाजूला एक हाड बाहेर आलेलं आहे. त्याला मी हळूहळू जागा करून दिली. बाई गं, कुणाच्या तरी पायाची होण्यात फार सुख असतं.

सुट्टीच्या दिवशी तो मला घालून अर्जुनीच्या गाडीनं घरी गेला. स्टेशनापासून गावापर्यंत तलावाच्या पाळीवरून वाट होती. दारात त्याची बायको शामकला उभी होती. तिनं आधी माझ्याकडं पाहिलं, मग त्याच्याकडं, आणि तोंडाला पदर लावून हसली. माझ्यावर कोणी हसलं तरी मी घाबरते, पण तिचं हसणं मला बोचलं नाही.

ते हसणं दिवाळीपर्यंतच टिकलं. दिवाळीला उदारामनं घरी सांगितलं की या हिवाळ्यात साहेब आपल्याला डोंगरावर घेऊन जातो आहे.

शामकलेला केशोराव माहीत होता. केशोराव त्याच बंगल्यावरचा, आदल्या वर्षी साहेबासोबत गेलेला. परत आला तो लंगडत. नुसत्या कापडी बुटांवर तो बर्फातून सामान वाहत होता, त्यात उजव्या पायाची बोटं आधी पांढरी झाली, मग काळी, आणि मग डॉक्टरनं काढून टाकली. साहेबानं त्याला फाटकावर बसायचं काम दिलं. साहेब दुष्ट नव्हता हो. फाटकावरून जाता-येता केशोरावची विचारपूस करायचा. पण केशोरावचा तो पाय मी रोज पाहत होते आणि रोज भीत होते.

शामकलेनं नवऱ्याला एकच गोष्ट विचारली.

"हे बूट कोनाचे जी?"

"साहेबाचे."

"आन दुसरे?"

"ते बी साहेबाचे."

"मंग तुमी पायात काय घालून जाता?"

केशोरावचे कापडी बूट बंगल्याच्या खुंटीवर अजून टांगलेले होते. तेच उदारामला मिळणार होते.

एका माणसाला दोन जोड्या कशाला, हे तिनं त्याला साहेबाला विचारायला लावलं. उदारामनं भीत भीत विचारलं, मी तेव्हा त्याच्या हातातच होते. साहेब रागावला नाही. लहान मुलाला सांगावं तसं त्यानं सांगितलं की बर्फात कातडं भिजतं, भिजलेला बूट वाळायला दोन दिवस लागतात, आणि ओल्या बुटात पाय घातला तर बोटं जातात. म्हणून बर्फावर खेळणाऱ्याला दोन जोड्या लागतातच. एक पायात, एक चुलीपाशी. अगदी खरं बोलला तो. फक्त मागून सामान घेऊन चालणाऱ्याला किती लागतात, हे त्याच्या मनातच आलं नाही.

उदारामनं हे घरी जसंच्या तसं सांगितलं. शामकला चुलीपुढं बसून ऐकत होती. तिनं त्यातून तिचा अर्थ काढला. बूट भिजतो म्हणून दोन लागतात ना? मग एक जोडी अशी केली की ती भिजणारच नाही, तर साहेबाला दुसरीची गरजच राहणार नाही. दुसरी आपल्या माणसाच्या पायात येईल. इतकं साधं होतं ते.

आणि न भिजणारी करायची तर आमच्या झाडीपट्टीत एकच उपाय. टोळीचं तेल, म्हणजे मोहाच्या बियांचं. चामड्याचा पट्टा असो, ढोलाची वादी असो, पावसाळ्यापूर्वी त्याला हेच तेल पाजतात. निघायच्या आदल्या रविवारी उदाराम मला शेवटचं घालून घरी आला आणि तिनं मला मांडीवर घेतलं. गाडग्यातलं तेल थिजलं होतं, ते तिनं निखाऱ्यावर पातळ केलं आणि बोटानं माझ्या शिवणीशिवणीत भरलं. इतकं प्रेमानं मला कधी कोणी हाताळलं नव्हतं. मी पोटभर तेल प्याले.

पण सकाळी उठून पाहते तर काय, माझं अंग आखडलेलं! थंडीचे दिवस, तेल माझ्या पोटात गोठून बसलं होतं. शामकलेनं मला उन्हात ठेवलं तशी मी पुन्हा मऊ झाले. ती हसली. माझी मात्र पाचावर धारण बसली. अगं बाई, इथल्या थंडीत ही गत, तर तिथं ऊन कुठून आणणार? मी ओरडून सांगणार होते. पण बुटाला जीभ असते ती नुसती नाडीखाली दबलेली. बोलता कुठं येतं?

गाडीच्या प्रवासाचं काही विचारू नका, मी पेटीत जीव मुठीत धरून होते. पेटी उघडली तेव्हा सगळं पांढरं होतं. पांढरं आणि मुकं. पहिल्या दिवशी साहेबानं म्हातारी जोडी घातली, ती भिजली, चुलीपाशी गेली. दुसऱ्या दिवशी माझी पाळी आली.

माझ्या पोटातलं तेल तुपासारखं पांढरं होऊन शिवणीतून बाहेर आलं होतं. मी लाकूड झाले होते. साहेबानं कसाबसा पाय कोंबला, फळ्या बांधल्या, उतारावर निघाला. या खेळात घोट्यात वाकावं लागतं. मी वाकेन तर ना! दहा हात गेला नसेल तर तोंडघशी पडला. उठला, पुन्हा पडला. मग मला काढून फेकलं त्यानं, थेट उदारामच्या छातीवर. काय लावलंस याला, म्हणून गरजला.

उदाराम मान खाली घालून उभा होता, केशोरावच्या कापडी बुटांत, घोट्यापर्यंत बर्फात. त्यानं हिंदीतून काहीतरी सांगितलं. मी बर्फात उलटी पडले होते, मला नीट ऐकू आलं नाही. साहेबाचं उत्तर मात्र आलं. फेकून दे ते, म्हणाला.

उदारामनं मला फेकलं नाही. चुलीजवळ धरलं, मी मऊ झाले तसं आत पेंढा भरला आणि पाय घातला. तो पाय थंडगार होता. मी सगळ्या बाजूंनी त्याला धरून बसले. वाकायचं काम नव्हतं, नुसतं मागून चालायचं होतं, आणि तेवढं मला जमत होतं. पाणी म्हणाल तर एक थेंब आत आला नाही. शामकलेचं तेल तेवढं खरं होतं.

साहेब हट्टी. त्यानं एकाच जोडीवर खेळ चालू ठेवला. ती बिचारी म्हातारी वाळायची नाही, तो ओल्यातच पाय घालायचा. आठवड्यानं तो बर्फात बसला तो उठेना. उदारामनं त्याला पाठीवर घेतलं आणि माझ्यावर भार टाकत खाली आणलं. वाट निसरडी, कडा तुटलेला, माझ्या एका शिवणीवर दोन माणसांचा जीव. कशी उतरले ते माझं मला ठाऊक. साहेबाच्या डाव्या पायाची दोन बोटं गेली.

उदाराम घरी परतला तेव्हा शामकलेनं त्याच्या तोंडाकडं पाहिलंच नाही. त्याला ओट्यावर बसवलं, माझ्या नाड्या सोडल्या आणि एकेक बोट चिमटीत धरून पाहिलं. सगळी होती. मग ती तिथंच बसून रडली.

रडणं ओसरल्यावर उदारामनं सगळी हकीकत सांगितली, आणि तेव्हापासून तिच्या मनात दुसरं भय शिरलं. साहेबाची बोटं आपल्या तेलानं गेली. हे साहेबाला कळलं तर? नवऱ्याची नोकरी जाईल, शिपाई दारात येतील. तिनं मला चिंधीत गुंडाळून धानाच्या कोठीमागं लपवलं. साहेबाच्या लाइनचा माणूस गावात दिसला की ती घरात जायची. माझं काय विचारता, दहा वर्षं अंधार, बुरशी आणि ती घूस! डाव्या टाचेचा एक लचका तिनं तोडलाच. शामकला आणि मी, आम्ही दोघी एकाच घरात, एकाच गोष्टीला भीत राहिलो. तिला मात्र हे कधी कळलं नाही.

सत्तेचाळीस सालच्या फाल्गुनात साहेब कायमचा मायदेशी निघाला. जायच्या आधी तो अर्जुनीला उतरून थेट उदारामच्या घरी आला, काठी टेकत. काखेत एक गाठोडं. मी कोठीमागून त्याचं लंगडं पाऊल ओळखलं आणि माझी गाळण उडाली. आता आलं सगळं बाहेर, असं वाटलं. उदारामनं खाट टाकली. शामकला आत लपायच्या ऐवजी बाहेर आली. बहुतेक दहा वर्षांच्या भीतीला ती कंटाळली असेल.

"साहेब," ती म्हणाली, "त्या बुटाले तेल मीनंच लावलं व्हतं."

उदारामनं ते हिंदीत सांगायला तोंड उघडलं, पण साहेबाला तेवढं कळलं होतं.

"मालूम है," तो म्हणाला. "उदाराम उसी दिन बोला था."

म्हणजे बर्फात मला ऐकू न आलेलं ते हेच. शामकलेनं नवऱ्याकडं वळून पाहिलं. ती दहा वर्षं कशाला भिते आहे हे तिनं त्याला सांगितलं नव्हतं, आणि आपण साहेबाला काय सांगितलं हे त्यानं तिला सांगितलं नव्हतं. साहेबानं गाठोडं सोडलं. आत ती म्हातारी विलायती जोडी होती. आता माझ्या कामाची नाही, एवढं म्हणून तो गाडी गाठायला निघून गेला. शिपाई कोणी आले नाहीत.

असे घरात दोन जोड झाले. शामकलेनं मला बाहेर काढलं, बुरशी पुसली, तेल लावलं. एक विकून टाका, असं तिचं म्हणणं. एका माणसाला दोन कायले?

चैत्र लागला. मोहफुलं पडायला लागली. शामकला दरवर्षी पहाटे टोपली घेऊन रानात जायची, अनवाणी. मोहाखाली पाचोळा, पाचोळ्याखाली विंचू-साप, आणि फुलांच्या वासावर अस्वल. लग्न होऊन आल्यापासून ती अशीच जात होती आणि यात भिण्यासारखं काही आहे असं घरात कोणी म्हटलं नव्हतं. त्या पहाटे उदाराम विलायती जोडी घालून तयार होता. त्यानं मला तिच्यापुढं ठेवलं.

"घाल."

ती म्हणाली की लोक हसतील, बाईमानूस कुठं बूट घालते का.

"हासू दे. जोड दोन हायेत. मानसं बी दोनच हायेत."

तिनं मला घातलं. तिचा पाय लहान, पुढं चिंध्या कोंबाव्या लागल्या. गावातल्या म्हाताऱ्यांच्या ओट्यापुढून जाताना तिनं मला काढून हातात घेतलं आणि वेस ओलांडल्यावर पुन्हा घातलं. मोहाखाली माझ्या नाकाशी एक विंचू नांगी उचलून उभा राहिला, मी डोळे मिटले, आणि ती माझ्यासकट त्याच्यावरून पुढं गेली.

घरी आल्यावर ती ओट्यावर टेकली. उदाराम खाली बसला, माझ्या नाड्या सोडल्या आणि तिचं एकेक बोट चिमटीत धरून पाहू लागला. ती ओशाळली. पाय ओढून घ्यायला लागली.

"पाय काऊन धरता जी? कोनी पाहील."

त्यानं सोडला नाही. सगळी बोटं पाहून झाल्यावरच उठला.

आता मी चुलीच्या वरच्या खुंटीवर असते, घुशीच्या तोंडापासून दूर. तरी भिते, सवय जात नाही. शिवण उसवेल, तेल आटेल, पुढच्या चैत्रात अस्वल येईल. तुम्ही एवढं ऐकलंत म्हणून एक मागते. कोणी या घरात आलं आणि म्हणालं की एका घराला दोन जोड कशाला, तर त्याला आधी विचारा, घरात पाय किती आहेत.

आणि जाताना ती मोहाची टोपली जरा कोठीच्या तोंडाशी सरकवा. घुशीची वाट तिकडूनच आहे.