जागा चुकली

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर ठोकेबाबांनी बॅटरीच्या पोटावर पंजा ठेवला, आणि तिच्या बोटाला लावलेल्या यंत्रावर ठोक्यांचा आकडा टुणकन वर उडाला. पंजा उचलला, आकडा खाली. लोकांनी टाळ्यांनी छप्पर डोक्यावर घेतलं.

बॅटरी म्हणजे चौथीतली मुलगी. तिच्या पोटात पेसमेकरची डबी आणि तिथून हृदयाच्या उजव्या कप्प्याला गेलेली तार, म्हणून शाळेनं केलेलं हे बारसं. हल्ली एक जिना चढला तरी तिला धाप लागे. हृदय फुगत चाललं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "मशीन ठणठणीत आहे. जागा चुकलीय. बदलून टाकू."

हे ऐकून आत्यानं सगळ्यांना घर बदलायला लावलं. धाप सामानासकट नव्या घरी आली. मग आत्यानं ठोकेबाबा गाठले, आणि ऑपरेशन राहिलं बाजूला.

"मी हृदयाला जागं करतो! कापाकापी हवीच कशाला?" बाबा गरजले.

"हृदय छातीत असतं," बॅटरी म्हणाली. "मग हात पोटावर का?"

"गप गं, कार्टे!" आत्या.

"बाळ, भक्तीचा रस्ता पोटातूनच जातो." बाबांनी हसत तिच्या डोक्यावरून हात फिरवला. हात वर गेला, आणि तिच्या केसांतली पिनही वर गेली. बाबांच्या जाडजूड अंगठीला लटकून.

"माझी पिन द्या."

बाबांनी हात झटकला. पिन भक्तीत तल्लीन.

"शाप देईन!"

"द्या. पण आधी पिन द्या." बॅटरी लोकांकडे वळली. "अंगठीत चुंबक आहे! चुंबक जवळ आला की माझी डबी ठरलेल्या वेगानं ठोके देते. काढला की पहिल्यासारखी. दवाखान्यात असंच करून तपासतात. तिथे कोणी टाळ्या वाजवत नाही."

आत्याचा आवाज खोल गेला. "मग... ती जागा?"

"तारेची, अक्का! घराची नव्हे," बॅटरीचे वडील कपाळावर हात मारून म्हणाले.

"उजवीकडून ढकललं की डावी बाजू उशिरा पोचते, म्हणून हृदय दमतं," बॅटरीनं ऐकवलं. "तार डाव्या कप्प्याच्या टोकाला लावणार. चला आता!"

ऑपरेशन झालं, तार हलली. काही महिन्यांनी फूगही उतरली. आता नव्या घराचा जिना बॅटरी धावत चढते. धाप लागते ती मागून येणाऱ्या आत्याला.

तेव्हा मंडळी, चमत्कार दिसला की आधी समोरचा हात नीट बघा. आपले जोडायचे की नाही, ते मग ठरवा.