ऑस्टिनची आयुधपूजा

आमच्या यांना सरळ रेघेचं वेड आहे. हे म्हणजे रघूत्तमराव, माझे यजमान. कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून सगळा जन्म पट्टी आणि गुण्याच्या संगतीत गेला. माझी चपाती जरा वाकडी झाली तर ताटात फिरवून फिरवून बघतात, बोलत मात्र काही नाहीत. बोलले असते तर निदान भांडता तरी आलं असतं.

रिटायर झाले आणि यांनी ड्रॉइंग बोर्ड कपाटावर टाकून दिला. दिवसभर खुर्चीत बसायचं, पेपर वाचायचा, संपला की तोच पुन्हा वाचायचा. काहीतरी काढा, म्हणून मी किती मागे लागले, पण पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मीच परस्पर एक काम यांच्या गळ्यात घातलं. म्हैसूरजवळ हिनकलला आमच्या लेआउटच्या, म्हणजे वसाहतीच्या, वाचनालयात मी दर रविवारी मुलांना जमवते, गोष्टी सांगते. "दसऱ्याच्या सुट्टीत पोरांना रंगवायला जुन्या मोटारीचं चित्र हवंय, तेवढं काढून द्या," म्हटलं. दुसऱ्या दिवशी बघते तर बोर्ड खाली आलेला.

मग काय विचारता. एका जुन्या ऑस्टिन गाडीपायी जेवणाची शुद्ध नाही. मडगार्डचा बाक, चाकाचे आरे, दाराखालची पायरी, सगळं मापात. चित्र झालं, आणि झेरॉक्स काढायला निघताना हे दारात थांबले. "वेदवती, मुलांना नाही आवडलं तर बोर्ड परत वर जाईल. मग पुन्हा विषय काढायचा नाही."

मी हो म्हटलं खरं. या माणसाचा शब्द म्हणजे शाईची रेघ, खोडता येत नाही.

रविवारी पोरं जमली. यांनी एकेकाच्या पुढ्यात चित्र ठेवलं आणि बजावलं, "रंग रेघेबाहेर जाता कामा नये." सगळे कामाला लागले. शेजारच्या गोदावरीबाईंची नात चैत्रा, यांना ताता म्हणजे आजोबा म्हणणारी, तेवढी हाताची घडी घालून बसली. पोर सात वर्षांची, तोंड सत्तर वर्षांचं.

"का गं, आवडली नाही गाडी?" यांनी विचारलं. आवाज साधाच होता, पण हातातली पट्टी किती घट्ट धरली होती ते मला दिसत होतं.

"गाडी छान आहे, ताता. पण मला बेडा. मी नाही रंगवत."

"का नको?"

"हिची पूजा झाली नाही न. आयुधपूजेला आमच्या स्कूटरची झाली, अप्पाच्या लॅपटॉपची पण झाली. हिला हार नाही, चाकाखाली फोडायला लिंबू नाही. सुम्ने अशीच रस्त्यावर नेली तर ॲक्सिडेंट होते."

झालं. पुनीतनं खडू खाली ठेवला. गगननं एक चाक रंगवून टाकलं होतं, तो घाबरून खोडरबरानं घासायला लागला. बघता बघता सगळ्या खोलीचे हात थांबले. म्हैसूरची पोरं ती, पूजा न झालेल्या गाडीला कशी शिवतील?

"अरे, हे नुसतं चित्र आहे," हे म्हणाले.

"गोत्तु," चैत्रा म्हणाली. ठाऊक आहे म्हणे. "मग लिंबू पण चित्रातलंच काढा न, ताता."

इथंच तर घोडं पेंड खात होतं. पुऱ्या झालेल्या ड्रॉइंगवर पुन्हा हात चालवायचा नाही, हा यांचा कारखान्यातला धर्म. यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दाम खिडकीबाहेर बघत राहिले आणि मनातल्या मनात चामुंडीला हात जोडले. बोर्ड वर गेला की हा माणूस पुन्हा त्या खुर्चीत जाणार, एवढंच मला दिसत होतं.

यांनी खिशातून कंपास काढला. हो, लिंबासाठी कंपास. पुढच्या चाकाखाली एक आणि मागच्या चाकाखाली एक, दोन्ही अगदी सारखी. मग पूजेच्या गाडीला बांधतात तसा केळीचा खांब पट्टी लावून काढला.

चैत्रा कागदावर वाकली. "ताता, केळ इतकी सरळ नसते. वारा येतो न तिला."

हे थबकले. मग पट्टी बाजूला ठेवली आणि दुसरा खांब नुसत्या हातानं काढला. तो जरा कलला, त्याचं पान बॉनेटवर लोंबलं.

"आता आयतू, झालं," म्हणत चैत्रानं हिरवा खडू उचलला.

मग कुठली शिस्त. "ताता, मला पण," करत सगळी पोरं यांच्याभोवती गोळा. पुनीतला फोडलेला कोहळा हवा होता, गगनला मागच्या सीटवर त्याची आजी हवी होती. यांनी आयुष्यात माणूस काढला नव्हता. आजी बटाट्यासारखी झाली, आणि गगन म्हणाला, अशीच आहे. टायर गुलाबी झाले, कुंकू रेघा ओलांडून रस्त्यावर सांडलं, आणि हे हसत होते. मोठ्यानं हसत होते. यांच्या तोंडात इतके दात आहेत हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊन ठाऊक नव्हतं.

आया न्यायला आल्या तरी पोरं उठेनात. शेवटी एकेकाला ओढून न्यावं लागलं. मी खडूंचे तुकडे झाडून घेतले, वळून बघते तर हे बाकावरच बसलेले. उरलेला एक कागद पुढ्यात घेऊन मन लावून काढत होते. जवळ जाऊन पाहिलं. दोन्ही चाकांखाली काहीच नव्हतं. गाडीच्या मागं, रस्त्यावर, काहीतरी चपटं आणि वेडंवाकडं काढलं होतं.

"हे काय, वांगं?" मी विचारलं.

"लिंबू आहे."

"असं असतं होय लिंबू? कंपास हरवला का तुमचा?"

"फुटलंय ते," मान वर न करता हे म्हणाले. "गाडी पुढं गेली न."