जे ताटलीत उरले नाही

लाळेऱ्याच्या खोबणीत अडकलेला भोपळ्याचा शेवटचा कण तिने सुरीच्या टोकाने उचलला आणि वजनकाट्यावरच्या वाटीत टाकला. आकडा एकाने वाढला. मग उंच खुर्चीखालच्या मेणकापडावरचे तुकडे, चिमीच्या मुठीतला लगदा, कोपराला चिकटलेला एक धागा, सगळे त्याच वाटीत गेले. शेजारच्या बशीत तेवढ्याच फोडी कुणीही न शिवता ठेवलेल्या होत्या. तासाभरात त्यांचे वजन दोन ग्रॅमने घटले होते. वाढले ऐंशी, उरले वीस, वाळण्यात गेले दोन. तिने वहीत लिहिले : खाल्ले, अठ्ठावन्न.

“ही आपली लेक आहे की तुझ्या प्रयोगशाळेतला नमुना?” दारात बूट चढवत नवऱ्याने विचारले. त्याची दुपारची चार तासांची पाळी होती; संध्याकाळच्या जेवणाला तो घरी असे.

“नमुना इतका सांडत नाही.”

“माझ्या आईनं मला चमच्यानंच भरवलं. काय बिघडलं माझं?”

“तेच शोधतेय.”

टेबलाच्या कोपऱ्यापलीकडे, चिमीलगत बसलेले अप्पा हसले. त्यांचा उजवा गाल हलत नसे, त्यामुळे ते हसणे अर्धेच उमटले. पण ते जावयाच्या बाजूचे नव्हते एवढे कळले.

ती वजनकाट्यांची तपासनीस होती. भाजीवाल्याच्या काट्यापासून औषधांच्या कारखान्यातल्या काट्यापर्यंत सगळे तिच्या टेबलावरून जात, आणि तिची सही झाल्याशिवाय त्यांनी सांगितलेल्या आकड्याला कायद्याच्या लेखी किंमत नसे. सहकारी तिला मिलिग्रॅमबाई म्हणत. तिला ते ठाऊक होते आणि त्यात तिला काही वावगे वाटत नसे.

चिमी आठ महिन्यांची होती. तिला भरवायचे नाही, हे ती पाच महिन्यांची असतानाच ठरले होते. बोटाएवढ्या मऊ शिजवलेल्या फोडी समोर ठेवायच्या; उचलायच्या की फेकायच्या, किती खायच्या, हे बाळाने ठरवायचे. तिने या पद्धतीवरचे अभ्यास वाचले होते. दावे मोठे, पुरावा मध्यम, धोका काळजी घेतल्यास आटोक्यातला, असे तिचे मत झाले होते. नवऱ्याला तिने एवढेच सांगितले.

खरे कारण तिने कुणालाच सांगितले नव्हते. चाळीस वर्षे लोकांचे दात सांभाळलेल्या अप्पांना त्याच सुमारास अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणे जड झाले आणि घास घशाऐवजी श्वासनलिकेत उतरण्याची भीती निर्माण झाली. दीड महिना फक्त गाळलेला लगदा द्यायचा आणि मग गिळण्याची पुन्हा तपासणी करायची, असे ठरले. डावा हात चालत होता, पण थरथरे. सदरा भरे, टेबल भरे. म्हणून ती भरवू लागली. दिवसातून तीनदा एक माणूस तिच्या हातातल्या चमच्याकडे बघत तोंड उघडतो, हे पाहिल्यावर आणखी एका तोंडाला तसे उघडायला शिकवणे तिच्याने झाले नसते.

बालरोगतज्ज्ञ बाई मात्र आकड्यांवर बोलल्या होत्या.

“महिन्यात फक्त नव्वद ग्रॅम. मला हे आवडलेलं नाही. तुमची पद्धत चुकीची आहे असं मी म्हणत नाही; पण बाळ खातंय का, ते मला कळायला हवं. दोन आठवडे नोंद ठेवा. फरक पडला नाही तर रक्त तपासू, आणखीही काही काही तपासावं लागेल.”

‘आणखी काही काही’ म्हणजे काय, ते तिने घरी येताना वाटेतच फोनवर शोधून वाचले होते. त्याच संध्याकाळी काटा टेबलावर आला.

आज अकरावा दिवस. चिमी दुपारी सरासरी पंचावन्न ग्रॅम खात होती, दूध पूर्वीइतकेच पीत होती, आणि अकरा दिवसांत तिचे वजन वाढले होते वीस ग्रॅम. खाल्लेले अंगी लागत नाही, याचा अर्थ कुठे तरी आत बिघाड आहे. ती असे स्पष्ट शब्दांत मनाशीही म्हणाली नाही. तिने प्रयोगशाळेतून प्रमाणित वजने आणली आणि घरातले दोन्ही काटे, जेवणाचा आणि चिमीच्या वजनाचा, तपासले. दोन्ही निर्दोष निघाले. आयुष्यात पहिल्यांदाच काटा बरोबर असल्याचे तिला वाईट वाटले.

संध्याकाळच्या नोंदी वेगळ्या होत्या : नऊ ग्रॅम, बारा, सात. अप्पांचे जेवण तेव्हा आधीच त्यांच्या खोलीत उरकलेले असे आणि टेबलाशी नवरा असे. त्या दिवशी रताळ्याचा तुकडा चिमीच्या घशाशी अडकला. ती लालबुंद होऊन ओकाऱ्या काढू लागली. नवऱ्याची खुर्ची मागे पडली.

“थांब. हात लावू नकोस.”

“अगं, गुदमरतेय ती!”

“आवाज येतोय ना? आवाज येतोय तोवर ती स्वतः काढेल. आवाज थांबला, तर आपण.”

चिमीने तुकडा बाहेर ढकलला, त्याच्याकडे तुच्छतेने पाहिले आणि पुन्हा उचलला. नवरा भिंतीला टेकून उभा होता.

“तुझं काळीज कशाचं आहे गं?”

टेबलाखाली तिच्या एका हाताची नखे दुसऱ्या हातात रुतली होती, ती तिने सोडवली.

रविवारी अप्पांना ताप आला आणि ते दिवसभर खोलीतच राहिले. त्या दुपारी चिमीने आठ ग्रॅम खाल्ले. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढायचा नसतो, म्हणून तिने तो काढला नाही. वहीच्या कडेला फक्त लिहिले : सर्दीची लागण?

सोमवारी अप्पा टेबलाशी परतले. तिने चिमीसमोर शिजवलेल्या नासपतीच्या फोडी ठेवल्या आणि नेहमीप्रमाणे अप्पांचा लगदा गरम करून गाळायला स्वयंपाकघरात गेली. या कामाला रोज सात-आठ मिनिटे लागत. तेवढा वेळ अप्पा नातीवर लक्ष ठेवत. त्यांच्या डाव्या हाताशी एक घंटी ठेवलेली असे. पातेले चढवल्यावर तिला दिसले की गाळणी बाहेरच राहिली आहे. ती अनवाणी परतली आणि दारातच थांबली.

चिमीने खुर्चीतून हात लांबवला होता. मुठीत नासपतीची फोड होती. अप्पा पुढे वाकले होते. आपल्या थरथरत्या डाव्या हाताने त्यांनी तिचे मनगट खालून तोलून धरले होते, आणि त्या धरण्यात थरथर नव्हती. दातांनी त्यांनी फोडीचा तुकडा तोडला. डाव्या बाजूला घेतला. चावला. चावतच राहिले. हनुवटी छातीला टेकवली, तपासणीच्या वेळी शिकवली होती तशी, गिळले, मग पुन्हा एकदा रिकामे गिळले. चिमीचे तोंड त्यांच्या तोंडाबरोबर उघडत-मिटत होते.

मग अप्पांनी उरलेली फोड तिच्या ओठांकडे वळवली.

“तू,” ते म्हणाले. “तू… खा.”

चिमीने मान फिरवली आणि फोड पुन्हा आजोबांच्या तोंडावर दाबली.

दारात उभ्या आईचा पाय पुढे आला आणि तिथेच राहिला. अप्पांच्या तोंडात दुसरा घास होता. आत्ता आवाज केला, दचकवले, तर. ती मोजू लागली. सात. अकरा. खोलीत काहीच ऐकू येत नव्हते. पंधराला अप्पांना ठसका लागला, कोरडा, मोठा, पुन्हा एक. मग त्यांनी घसा खाकरला आणि श्वास आला. तेव्हा कुठे तिने आपला सोडला.

अप्पांना ती दिसली. त्यांनी तोंड उघडून आतून रिकामे असल्याचे दाखवले, जसे लहान मुले दाखवतात.

“अप्पा, कधीपासून?”

ते शब्द जुळवत राहिले.

“गाजर,” अखेर ते म्हणाले. “गाजर… छान होतं.”

गाजर वहीच्या पहिल्या पानावर होते.

“अहो, जीव गेला असता! एकटे होतात तुम्ही, ही एवढीशी पोर—”

“चाळीस वर्षं…” त्यांनी बोट स्वतःच्या जबड्याकडे नेले. “लोकांना… सांगितलं. नीट चावा.”

एरवी तिला हसू आले असते. तिने वही उचलली आणि फोन घेऊन खिडकीशी गेली.

“नोंदी चुकीच्या आहेत,” तिने बालरोगतज्ज्ञ बाईंना सांगितले. “ताटलीत जे उरलं नाही ते तिच्या पोटात गेलं, असं मी धरलं होतं. ती फारसं खातच नाही.”

“म्हणजे वाईट बातमीत चांगली बातमी,” बाई म्हणाल्या. “हातानं खेळू दे, पण आजपासून चमचाही सुरू करा. उद्या दाखवायला आणा. आणि स्वतःला बोल लावत बसू नका.”

दुसरा फोन गिळण्याची तपासणी करणाऱ्या विभागात केला. तिथल्या मुलीने नाव, तारीख, सगळे शोधले.

“यांची फेरतपासणी सात आठवड्यांपूर्वी होती, मॅडम. आम्ही तेव्हा एकदा आणि मागच्या आठवड्यात पुन्हा मेसेज पाठवला होता.”

“हो,” ती म्हणाली. दुसरा तिने पाहिलाही होता. काट्यासाठी नवी बॅटरी आणायची होती त्या दिवशी.

“परवा सकाळी जागा आहे. तोवर लगदाच द्या, दुसरं काही नको.”

ती स्वयंपाकघरात परतली तेव्हा लगदा पातेल्याला लागला होता. वरचा तेवढा तिने गाळला, दोन वाट्यांत काढला. एक चिमीसमोर धरून तिने चमचा पुढे केला. चिमीने ओठ घट्ट मिटले आणि आजोबांकडे पाहिले. दुसरी वाटी अप्पांपुढे ठेवल्याबरोबर त्यांनी सवयीने तोंड उघडले होते. डोळे मात्र त्यांनी खाली घातले होते.

“परवापर्यंत हेच,” ती म्हणाली. “नासपती नाही.”

ते तोंड तसेच उघडे ठेवून थांबले. तिने चमचा त्यांच्या डाव्या हातात दिला आणि एकेक करून त्यांची बोटे त्याच्याभोवती मिटवली. चमचा वाटीवर खडखडला. अप्पांनी आपल्या स्वच्छ सदऱ्याकडे पाहिले, मग तिच्याकडे.

काटा टेबलावर चालूच होता, शून्य दाखवत. तिने तो बंद केला. मग खाली बसली, चिमीच्या खुर्चीखालच्या मेणकापडाची कड दोन्ही हातांनी धरली आणि अप्पांच्या खुर्चीकडे ओढू लागली.

“अप्पा,” टेबलाखालून ती म्हणाली, “जरा पाय उचला.”